हिब्रू संदेष्टे आणि संमिश्र उपासना

प्राचीन इस्राएल व यहूदा या राज्यांत यहोवा या तेथील मुख्य देवाच्या जोडीने बआल, अशेरा, ‘स्वर्गाची राणी’ इ. दैवतांची उपासना होत असे. हिब्रू संदेष्ट्यांनी तिच्यावर सातत्याने टीका केली. त्यांचा रोख यहोवाला सोडणाऱ्यांपेक्षा त्याला धरून दुसऱ्यालाही भजणाऱ्यांवर अधिक आहे. यहोवाची शपथ वाहून लगेच मिल्कोम या अम्मोनी देवाचीही वाहणाऱ्यांना सफन्या या संदेष्ट्याने (१ : ५) एकाच वाक्यात गोवले आहे. होशेयाने (इ. स. पू. आठवे शतक) त्यासाठी व्यभिचाराचे रूपक वापरले.

या संघर्षाचा ठळक प्रसंग इस्राएलचा राजा अहाब याच्या काळातला (सु. इ. स. पू. ८७४–८५३). अहाबाने सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल हिच्याशी विवाह केला आणि शोमरोन (समारिया) या राजधानीत बआलाचे मंदिर उभारले. कर्मेल डोंगरावर एलीया या संदेष्ट्याने लोकांना दोन्हींकडे किती दिवस लंगडत राहणार, असे विचारले. लोक गप्प राहिले (१ राजे १८ : २१). (कोकणातील बेने इस्राएल समाज मलिद्याच्या विधीत ज्या ‘एलियाहू हन्नबी’ला आळवतो, तो हाच.) अहाबाच्या अहज्या व यहोराम या मुलांच्या नावांत मात्र यहोवाचेच नाव आहे. आपण कुलदैवत सोडले, असे राजाला वाटत असण्याचा संभव त्यामुळे कमी. शोमरोनच्या उत्खननात १९१० मध्ये मिळालेल्या लेखांकित खापरांवरही यहोवा व बआल या दोन्ही नावांवरून पडलेली व्यक्तिनामे आढळतात. तेथील ‘बआल’ म्हणजे केवळ ‘धनी’, अर्थात यहोवाच, असेही एक मत आहे. होशेय २ : १६ वरून (तेथे यहोवा म्हणतो, की यापुढे तू मला ‘माझा बआल’ म्हणणार नाहीस) त्याला काहीसा आधार मिळतो.

सर्वाधिक वाद कुंतिल्लेत अजरूद येथील लेखांवरून झाला. ईशान्य सिनाईतील या ठिकाणी झेएव्ह मेशेल यांनी १९७५-७६ मध्ये उत्खनन केले. तेथील दोन मोठ्या रांजणांवर ‘शोमरोनचा यहोवा व त्याची अशेरा’ आणि ‘तेमानचा यहोवा व त्याची अशेरा’ यांच्या नावे आशीर्वाद लिहिलेले आहेत. काळ साधारणपणे इ. स. पू. ८०० च्या आसपासचा मानतात. एका रांजणावर दोन उभ्या आकृती व वीणावादक आहे. लेखाची ओळ एका आकृतीच्या मुकुटावरून गेली आहे. या आकृती म्हणजे यहोवा व त्याची पत्नी, असे काहींनी सुचविले. परंतु त्यांची ठेवण ईजिप्शियन बेस या देवतेची असून लेख व चित्र एका हातचे नसावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘अशेरा’ म्हणजे देवी की वेदीजवळचा पूज्य लाकडी खांब, हा प्रश्न निराळा. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याची’ हा प्रत्यय सहसा लागत नाही. म्हणून अनेक अभ्यासक खांबाचा अर्थ घेतात. तसे असले तरी खांबामागची देवी लोकांच्या विस्मरणात गेली होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हेब्रोनच्या पश्चिमेस खिर्बेत एल्-कोम येथील थडग्यातील लेखातही असाच उल्लेख आहे. त्याचे वाचन मात्र अनिश्चित आहे.

इस्राएलचा धर्म मुळापासून एकेश्वरी होता व मूर्तिपूजा हा वरवरचा थर होता, असे येहेज्केल काउफमान यांचे प्रतिपादन. उलट मॉर्टन स्मिथ यांच्या मते ‘केवळ यहोवा’ म्हणणारा पक्ष दीर्घकाळ अल्पसंख्य होता. वरील पुरावा दुसऱ्या मताकडे झुकतो.

यहूदाचा राजा योशीया याच्या धर्मसुधारणेनंतरही (सु. इ. स. पू. ६२२) ही उपासना थांबली नाही. यरुशलेमच्या पाडावानंतर ईजिप्तमध्ये गेलेल्या स्त्रियांनी यिर्मया या संदेष्ट्याला रोखठोक उत्तर दिले : स्वर्गाच्या राणीला धूप व पेयार्पणे देणे बंद केले तेव्हापासूनच आमची दैना सुरू झाली; पोळ्या तिच्यासाठी करीत होतो त्या नवऱ्यांच्या संमतीनेच (यिर्मया ४४). विरोधकांची बाजू इतकी सविस्तर क्वचितच नोंदली गेली आहे. ईजिप्तमधीलच एलेफंटाइन येथील यहुदी लष्करी वसाहतीच्या एका वर्गणी-यादीत याहू (म्हणजे यहोवा), एशेम-बेथेल व अनात-बेथेल या तीन दैवतांच्या नावे रकमा आहेत. यादी इ. स. पू. ४१९ ची की ४०० ची, याबद्दल मतभेद आहेत; अलीकडे नंतरच्या तारखेकडे कल दिसतो.