लॅमिनेशन नको, जानेवारी हवा

गोव्यात कुणाच्याही घरात जुनं चित्र नाहीतर वही बाहेर निघाली की बघायला जमलेल्यांतला एकजण तरी म्हणतोच, "लॅमिनेट करून घे मरे, कायमचं टिकतं." दुसरा म्हणतो एसीच्या खोलीत ठेव. दोघांचा हेतू चांगलाच असतो, पण दोन्ही सल्ल्यांनी चित्राचं बऱ्याचदा वाटोळं होतं. ते कसं होतं हेच इथे सांगायचंय, कारण त्यामागचं विज्ञान मला भयंकर आवडतं आणि ते सगळं शाळेत शिकलेल्या बाष्पीभवनावर उभं आहे.

डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठेही जा, आर्ट कॉलेजचं तोंडही न पाहिलेला पण रोज चित्र काढणारा एकतरी माणूस सापडतो. कॅलेंडरच्या पाठीवर बॉलपेनने, बुटांच्या खोक्यावर स्केचपेनने, मिळेल त्यावर. अशा कलेला १९४५ मध्ये फ्रेंच चित्रकार ज्याँ द्युबुफेने 'आर ब्रूत' हे नाव दिलं, म्हणजे कच्ची, संस्कार न झालेली कला. त्याने जमवलेल्या संग्रहाचं म्युझियम स्वित्झर्लंडमध्ये लोझान शहरात १९७६ मध्ये उघडलं. चंदिगढमध्ये नेकचंद या रस्ते खात्यातल्या माणसाने फुटक्या बांगड्या, कपबशा, भंगार वापरून सरकारी जागेवर गुपचूप उभारलेलं रॉक गार्डनही १९७६ मध्येच लोकांसाठी खुलं झालं, आणि कलावस्तू टिकवण्यावर संशोधन करणारी लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळासुद्धा १९७६ चीच. निव्वळ योगायोग, ग्रहमानाचा काही संबंध नाही.

तर अडचण अशी की या लोकांना टिकाऊ सामान परवडत नाही आणि त्यांची तशी फिकीरही नसते. असाच एक चित्रकार मार्टीन रामिरेझ अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मनोरुग्णालयात बसून कागदाचे तुकडे उकडलेला बटाटा, पाव आणि थुंकी यांच्या लगद्याने चिकटवायचा. अलाबामातला बिल ट्रेलर गुलामगिरीत जन्मला आणि पंच्याऐंशीच्या आसपास असताना टाकून दिलेल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढायला लागला. वॉशिंग्टनमधला रात्रपाळीचा सफाई कामगार जेम्स हॅम्प्टन याने एका गॅरेजात जुनं फर्निचर आणि पुठ्ठे चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून अख्खं सिंहासन रचलं, ते १९६४ मध्ये तो गेल्यावर जगाला कळलं आणि आता तिथल्याच स्मिथसोनियन या म्युझियममध्ये आहे. बटाटा म्हणजे स्टार्च, आपल्याकडची मैद्याची खळ पण स्टार्चच, आणि स्टार्च म्हणजे कसरीला आणि बुरशीला पंगतीचं आमंत्रण. पण स्टार्च नुसता असून बुरशी येत नाही, तिला पाणी लागतं. ते येतं कुठून? छप्पर गळत नाही, भिंतीला ओल नाही, तरी चवथीच्या सुमारास ट्रंक उघडली की तो वास येतोच.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. ३० अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते. २५ अंशाला ही मर्यादा २३ ग्रॅमवर येते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे या मर्यादेच्या किती टक्के बाष्प सध्या हवेत आहे ते. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल तर हवेत २४ ग्रॅम बाष्प आहे, हीच हवा २५ अंशाच्या वस्तूला टेकली तर तिथे २३ च मावतात, उरलेल्याचं पाणी होतं.

हे झालं मोकळ्या हवेचं. आता कागद घ्या. कागद म्हणजे सेल्युलोज, झाडांच्या धाग्यांचा पदार्थ, त्याच्या रेणूंवर जागोजागी ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि पाण्याचे रेणू तिथे हायड्रोजन बंधाने चिकटतात, म्हणजे हाताला कोरडा लागणारा कागदसुद्धा कोरडा नसतोच. ५० टक्के आर्द्रतेत त्यात वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांत ९-१० टक्के. आता १०० लिटरची एक ट्रंक घ्या आणि तिच्यात २० किलो चित्रं भरा. ट्रंकेतल्या हवेत फार तर ३ ग्रॅम पाणी मावेल. कागदात आहे १२०० ग्रॅम! म्हणजे हवा कागदाला ओलं करत नाही, कागदच हवेची आर्द्रता ठरवतो. झाकण घट्ट असेल तर आत कागद म्हणेल ती पूर्व दिशा. रिकाम्या डब्यात तापमान ३० वरून २५ वर आलं तर आर्द्रता ६० वरून जवळपास ७९ वर उडी मारते, पण कागदाने गच्च भरलेल्या डब्यात अंशामागे अर्धा टक्काही फरक पडत नाही, तोही उलट्या दिशेने, थंडावा आला की कागद थोडं बाष्प ओढून घेतो म्हणून आर्द्रता किंचित उतरते.  हे वाचताना डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या.

यातून निघतं ते सोपं आहे. डबा कधी बंद केला त्याला सगळं महत्त्व. जुलैत ८० टक्क्यांत बंद केला तर त्या २० किलो कागदात तुम्ही ५० टक्क्यांच्या मानाने जवळपास पाऊण किलो जादा पाणी आत कोंडलंत, आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खाली सहसा न रुजणारी बुरशी तिथे आरामात वाढणार. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा गोव्याची दुपारची हवा वर्षभरात सगळ्यात कोरडी असते, तेव्हा चित्रं काही दिवस सावलीत मोकळी ठेवून दुपारीच बंद करा, की पुढचा पावसाळाभर तो कोरडा कागदच डब्याची राखण करतो. आपल्या आज्या पापडाचा डबा खणखणीत वाळवूनच भरायच्या, पाऊस सुरू झाल्यावर नाही, तसंच, फक्त चित्राला ऊन दाखवायचं नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या त्या चिमुकल्या पुड्या? १०० ग्रॅम जेल फार तर ३०-३५ ग्रॅम पाणी ओढतं, पाऊण किलोपुढे ते काय करणार. डांबरगोळ्या किडे पळवतात, पाण्याला हात लावत नाहीत. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, खालची बाजू गार पडली की पाणी कागदा-कागदातून तिकडे सरकतं आणि सगळ्यात खालचीच चित्रं आधी जातात.

एसीवाल्यांना आता कळलंच असेल. एसी हवा थंड करतो आणि थोडं पाणी काढतो खरा, पण खोलीच्या मानाने मोठा एसी असेल तर खोली झटकन थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि एसीतल्या गार नळ्यांवर (कॉइलवर) जमलेलं पाणी परत खोलीत येतं. वर संध्याकाळी ऑफिस सुटताना एसी बंद, मग बाहेरची दमट हवा फटीतून आत येऊन गार काचेला आणि चित्राला भिडते. रोज. त्यापेक्षा पंखा लावून हवा खेळती ठेवलेली खोली बरी. चिऱ्यांची बाहेरची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून तिथे फ्रेम लावायचीच असेल तर मागच्या चारही कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवून दोन-तीन सेंटीमीटर पोकळी ठेवा.

लॅमिनेशनमध्ये शंभरच्या वरच्या तापमानाला प्लॅस्टिकचा गोंद वितळून कागदाच्या धाग्यांत घुसतो, तो परत निघत नाही. कागदातलं आम्ल आणि पाणी दोन्ही आतच राहतं. गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारानेच एकेकाळी ॲसिटोन वापरून हाताने लॅमिनेशन करायची पद्धत काढली होती आणि ती जगभर गाजली, तेव्हाच्या मानाने हुशारीचंच काम ते, पण त्यातलं सेल्युलोज ॲसिटेटचं प्लॅस्टिक जुनं झालं की स्वतःच व्हिनेगरचं आम्ल सोडायला लागतं.

उजेडाचं थोडक्यात. नुकसान मोजायचं ते लक्स (उजेड मोजायचं एकक) गुणिले तासांत. नाजूक कागदासाठी म्युझियमवाले ५० लक्स ठेवतात, थेट ऊन असतं लाखभर लक्स. म्हणजे तासभर ऊन बरोबर म्युझियममधले २००० तास. स्केचपेनची शाई आणि बॉलपेनमधला जांभळा रंग, क्रिस्टल व्हायोलेट, हे यात सगळ्यात आधी उडतात. लोझानच्या म्युझियमच्या काळ्या भिंती आणि मंद दिवे बघून कुणाला ते नाटकी वाटेल, पण मंद दिव्यांमागे ही शाई आहे. आणि 'उत्तरेच्या खिडकीचा उजेड सुरक्षित' हे युरोपात ठीक, आपण १५ अंश अक्षांशावर आहोत, मे महिन्यात दुपारी सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो.

खंडित मूर्ती घरात ठेवू नये म्हणून किती हाताने घडवलेली मातीची कामं नदीत गेली असतील देव जाणे, खरं तर चिरा गेलेल्या मातीत अशुभ काही नसतं. तेवढाच राग मला 'नॅनो कोटिंग मारा, शंभर वर्षं बघायला नको' म्हणून बाटल्या विकणाऱ्यांचा येतो. आज लावलेलं उद्या काढता येईल का, हा पहिला प्रश्न विचारा, बहुतेकांकडे उत्तर नसतं.

प्रदर्शन करायचं तर डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा पणजीत तसंही कलेचा हंगाम असतो. भिंतीवर चांगली प्रिंट आणि मूळ चित्र थोडेच दिवस, असं केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. शिकागोच्या हेन्री डार्जरने लांबलचक जोडकागदांच्या दोन्ही बाजूंवर चित्रं काढली, ती भिंतीला टेकवून लावली की अर्धी कला गायब, म्हणून ती दोन काचांमध्ये उभी दाखवतात. ट्रेलरच्या पुठ्ठ्यावरचे डाग, टांगायला बांधलेली दोरी, काही सुद्धा काढायचं नाही, पुठ्ठा आम्लधर्मी आहे म्हणून सोलायचा तर अजिबात नाही, त्या वेड्यावाकड्या पुठ्ठ्याचा आकार बघूनच तो चित्र काढायचा.

आणि तुमच्या गावातला असा कुणी अजून हयात असेल तर मुलाखत घेताना 'प्रेरणा काय' हे नंतर विचारा, आधी विचारा खळ कशाची, पेन कुठल्या कंपनीचं, कागद कुठून आणला, त्यावर वरून वार्निश मारलंय का. उत्तरं पेन्सिलने वेगळ्या कागदावर लिहून त्याच डब्यात टाका, चित्राच्या पाठीवर नको, आणि फोटो काढाल तेव्हा पाठचाही काढा.