सोलापूरची रंगविद्या आणि लोकर

सोलापुरात घरी लोकर रंगवू पाहणाऱ्याला रंगाची माहिती विचारायला फार लांब जावे लागत नाही. मात्र मिळणारे उत्तर बहुधा सुताचे असते, आणि सुताची रीत लोकरीला मानवत नाही.

जिल्ह्यात लोकर नव्हती असे नाही. सांगोला-मंगळवेढ्याच्या माळरानावर धनगरांची दख्खनी मेंढरे पूर्वीपासून चरत आली आणि त्यांच्या लोकरीची घोंगडी सणगर समाजाचे विणकर विणत आले. ही लोकर जाडीभरडी व बहुतांशी काळी असते. काळ्यावर दुसरा रंग उठून दिसत नाही, त्यामुळे घोंगडी मेंढीच्याच काळ्या, करड्या आणि पांढऱ्या रंगांत विणली गेली. ताण्याला चिंचोक्याची खळ लागली, पण रंगाच्या कढईशी तिचा फारसा संबंध आला नाही.

रंग आला तो कापसाच्या वाट्याला. रंगारी आणि निळीचे काम करणारे निराळी हे येथील जुने कारागीर. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या अल्कली पाण्यात ती आंबवली की विद्राव्य होते, सूत पिवळट-हिरवे बाहेर येते आणि वारा लागताच निळे पडते. तांबड्यासाठी आल नावाच्या झाडाचे मूळ होते, पण रंग पक्का करणारी तुरटी कापूस सहजी धरत नाही, म्हणून सुताला आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागे. 1868 मध्ये जर्मनीत अलिझरिन हे तांबडे रंगद्रव्य कृत्रिमरीत्या तयार झाले आणि 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली, तेव्हा मुळे-पानांचा हा व्यापार ढासळू लागला. 1877 मध्ये सुरू झालेली येथील ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी याच संक्रमणाच्या काळातली. पुढे कॉस्टिक सोड्यात विरघळवावे लागणारे नॅप्थॉल रंग आले, आणि 1956 मध्ये धुण्याचा सोडा घालून कापसाशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर विणूनच उमटते, छापली जात नाही, म्हणून रंगवायचे ते विणण्याआधीचे सूत; शहराचे सारे कसब असे लडीभोवती जमले.

नेमके हेच कसब लोकरीला घातक ठरते. कापूस सेल्युलोजचा, तर लोकर केसांप्रमाणे प्रथिनांची. कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणात ती चक्क विरघळून जाते. तिला आम्ल हवे. ॲसिड रंगाची पूड आणि थोडे व्हिनेगर एवढ्यावर ती रंग असा ओढून घेते की भांड्यातले पाणी जवळजवळ स्वच्छ उरते. सूत रंगवून हात बसलेल्याला हे पाहून नवल वाटते, आणि खरे तर थोडा हेवाही! तुरटीही ती हिरड्यावाचून धरते. 1 किलो कोरड्या लोकरीला 100 ते 150 ग्रॅम पुरते. सांगोल्याच्या डाळिंबांची साल यावर चांगला पिवळा देते, अर्थात लोकर पांढरी असेल तरच.

कातरलेल्या लोकरीतला तेलकटपणा आधी रिठ्याच्या कोमट पाण्याने काढावा, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. लडी चार ठिकाणी सैल बांधावी. विणलेले कापड प्रशस्त भांड्यात मोकळे राहिले पाहिजे. सुटी लोकर, लडी आणि कापड या तिन्हींना आच मंद लागते, आणि रंगारी लडी जशी आपटून-पिळून धुतो तसे येथे करू नये. गरमातून एकदम गार पाण्यात टाकून चोळलेली लोकर आटून घट्ट होते आणि पुन्हा मोकळी होत नाही. ती भांड्यातच, त्याच पाण्यात, रात्रभर निवू द्यावी.