मासे तोंड वर काढतायत: हवा कमी पडली की अमोनिया चढला?

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं आमच्याकडे म्हणतात. परभणीत ते जवळजवळ खरंच असतं. पहाटे अजून स्वेटर लागतो, पण दुपारी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठरत नाही. नेमक्या याच पंधरा-वीस दिवसांत हौदातले गोल्डफिश आणि कोई वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. शेजारचे काका कुंपणावरून बघतात आणि म्हणतात, “भुकेले दिसतात लई. टाक की चार दाणे.”

दाणे तेवढे टाकू नका. भुकेला मासा माणूस दिसला की झेपावतो आणि दाणा नाही मिळाला की परत खाली जातो. हा तसा नसतो. हा वरच रेंगाळतो, तुमच्याकडे बघतही नाही. कारणं सहसा दोन. पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, नाहीतर अमोनिया वाढलेला असतो. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात. मीही दिलंय, ते पुढे सांगतो.

प्राणवायूचं गणित सोपं आहे. थंड पाण्यात तो जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. इकडे पाणी तापलं की माशाचं शरीर जोरात चालू लागतं आणि त्याला हवा जास्त लागते. म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो. त्यात पाणी हिरवं असेल तर दिवसा ते शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्री स्वतःच खातं. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ म्हणजे पहाट, सूर्य उगवायच्या आधीची.

अमोनियाचं दुखणं वेगळं. मासे तो कल्ल्यांतून सतत सोडत असतात, उरलेलं खाद्य आणि पाला कुजूनही तो तयार होतो. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि खडीवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. हे जिवाणू थंडीत मंदावतात. फेब्रुवारीत ऊन वाढतं, माशांची भूक एकदम उघडते, आपणही कौतुकानं दोन वेळा खायला घालतो, आणि जिवाणू मात्र अजून अंथरुणातच. मधल्या मध्ये अमोनिया साठत जातो.

खरी गोम पुढे आहे. पाण्यातला सगळाच अमोनिया विषारी नसतो. बराचसा अमोनियम नावाच्या रूपात असतो, त्याचा त्रास फार कमी. मोकळा अमोनिया घातक, आणि तो किती हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी त्यावर, ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. पीएच ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. आता हिरव्या पाण्याचं बघा. दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तसा पीएच चढतो आणि दुपारी तीन-चारला ९ च्या वरही जाऊ शकतो. सकाळी जो अमोनिया माशांनी निभावून नेला, तोच दुपारी विष होतो.

म्हणून मी आधी घड्याळ बघतो. पहाटे टॉर्च घेऊन हौदावर जातो. हवा कमी असेल तर झाडून सगळे मासे वर असतात, पाइपातून पाणी पडतं त्या कोपऱ्यात गर्दी करून. मोठे मासे आधी बेजार होतात, लहान त्या मानानं तगून असतात. ऊन वर आलं की नऊ-दहापर्यंत सगळे खाली जातात, जणू काही झालंच नव्हतं. अमोनिया असेल तर ऊन चढेल तसे मासे सुधारायच्या ऐवजी खालावतात. पर अंगाला चिकटवून एकेकटे उभे राहतात, मधूनच भिंतीला अंग घासून सुसाट पळतात, खाणं सोडतात. कल्ले लालभडक किंवा जांभळट दिसतात. कल्लेच भाजल्यामुळे पाण्यात हवा असूनही ती घेता येत नाही, म्हणून तोंड वर. घोटाळा होतो तो इथेच.

घड्याळानं समाधान नाही झालं तर टेस्ट किट आणा. माझ्याकडच्या किटमध्ये नळीभर पाण्यात दोन बाटल्यांतले थेंब टाकून थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. पाणी दुपारचं घ्या आणि पीएचही त्याच वेळी मोजा.

दोन वर्षांपूर्वी माझे मासे दुपारी वर आले. मी हवाच कमी समजलो आणि एअर पंप चोवीस तास लावला. मग एका दुकानदारानं निळं औषध दिलं, तेही ओतलं. ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं, हे मला नंतर कळलं. चार दिवसांत तीन कोई गेले. हवेनं नुकसान होत नाही, पण साठलेला अमोनिया नुसत्या बुडबुड्यांनी जात नाही. तो कमी करायला खाणं बंद आणि पाणी बदलायचं. माझा हौद ८ बाय ५ फूट, अडीच फूट खोल, म्हणजे साधारण २८०० लिटरचा. त्यातलं पाव पाणी, सातशे लिटर, एक दिवसाआड.

उलट चूकही होते. पहाटे मासे वर दिसले की लोक बोअर सुरू करून पाइप थेट हौदात बुडवतात. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेली हवा बहुतेक वेळा कमीच असते. पाइप दोन-तीन फूट वर धरा, पाणी आपटत पडू द्या. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन जायला दिवसभर उन्हात ठेवा किंवा अँटीक्लोरीन टाका.

मुळात दोन्ही दुखण्यांचं खत एकच, तळातला गाळ. आमच्या हौदावर कडुनिंब आहे आणि तो नेमका याच दिवसांत पान झडवतो. मी शेतातली जुनी शेडनेट वर ताणतो, तरी सकाळी जाळीनं मूठभर पाला निघतोच. गाळ काढायचा तो थोडा थोडा, तीन-चार रविवार. एकदम ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि तळातली घाण मिसळून एका तासात पाण्यातली हवा संपवते. फिल्टरचा स्पंज हौदातल्याच पाण्याच्या बादलीत पिळायचा, नळाखाली नाही.

खाण्याचं म्हणाल तर मार्च लागेपर्यंत दिवसातून एकदाच, तेही दुपारी, पाच मिनिटांत संपेल एवढं. काकांना मी डबा दाखवून ठेवलाय आणि झाकण घट्ट लावलंय.