लोकाधारित वन्यजीवरक्षण : भीमगड परिसर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य (सु. १९० चौ. किमी.) डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. म्हादई नदी याच रानात उगम पावते. रानातला भीमगड किल्ला शिवकालीन मानला जातो. तळेवाडी, गवाळी, कोंगळे, आमगाव, देगाव ही आतली गावे मुख्यतः मराठी भाषक असून भात, नाचणी, गुरे व वनोपज यांवर जगतात.

बारापेडे गुहांतील रॉटनचे वटवाघूळ (ओटोमॉप्स रॉटोनी) ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ मध्ये वर्णिले. ते जगात इथेच आढळते, हा समज दीर्घकाळ टिकला. पुढे मेघालय व कंबोडियातही नोंदी झाल्या. गुहेचे महत्त्व त्याने उणावत नाही.

गावकऱ्यांच्या दृष्टीने कळीचा कायदा वनहक्क अधिनियम, २००६ हा आहे; वनात पिढीजात राहणाऱ्यांचे हक्क दावा पडताळून त्याखाली मान्य होतात. अनुसूचित जमातींबाहेरच्या पारंपरिक वननिवाशांना त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. ही मुदत डिसेंबर १९३० पर्यंत मागे जाते. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ नंतर दप्तर कन्नडमध्ये आले. कागद जुळवणे त्यामुळे कठीण. ७५ वर्षे कशाची, याबद्दल दोन अर्थ लावले जातात : दाव्यातील जमिनीच्या कब्जाची, की त्या परिसरातील वास्तव्याची. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाचे स्पष्टीकरण दुसऱ्या अर्थाच्या बाजूचे असून कलम २(ण) मधील व्याख्येशी तेच अधिक सुसंगत दिसते. नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुन्या विहिरी, स्मशाने व देवस्थाने हाही पुरावा चालतो. देवराई राखणाऱ्या गावांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे. दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही (कलम ४(५)). तळेवाडीसारख्या गावांचे ‘स्वेच्छा’ स्थलांतर म्हणूनच हक्कनिश्चितीनंतरच न्याय्य ठरते. हक्क ठरण्याआधी घेतलेल्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही.

वन्यजीव अधिनियमात २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्र, म्हणजे लोकांनी स्वेच्छेने वन्यजीवांसाठी राखलेले क्षेत्र, आले, पण ते खाजगी वा सामुदायिक जमिनीपुरतेच, अभयारण्याबाहेर. २०२२ च्या दुरुस्तीनुसार वनहक्क अधिनियम लागू असलेल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी विचारविनिमय करूनच करावयाचा आहे. गवे व रानडुकरांनी केलेली पीकहानी, अस्वलांचे हल्ले आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा हे प्रश्न गावकरी याच आराखड्यात मांडू शकतात. त्यासाठी मसुदा मराठीतही मिळायला हवा.