बंद ऑल-इन-वनची चांगली स्क्रीन

सांगलीत विश्रामबागला माझ्या बहिणीच्या घरी एक जुना ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळं बसवलेला कॉम्प्युटर, धूळ खात पडला होता. सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटं घ्यायचा, पण स्क्रीन अजून लख्ख. ती मॉनिटर म्हणून वापरता येईल असं वाटून भाच्यानं नव्या लॅपटॉपची एचडीएमआय केबल, म्हणजे चित्र नेणारी केबल, त्याच्या मागच्या पोर्टमध्ये घातली. केबल नीट बसली, चित्र मात्र आलं नाही. "मामा, केबल खराब दिसतेय," तो म्हणाला. केबलला काहीही झालं नव्हतं.

म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी पंपानं उचलून कवठेमहांकाळ, जतकडे चढवतात. पाणी कुठे जायचं ते पाइप ठरवत नाही, पंप ठरवतो. एचडीएमआयचंही तसंच. एका टोकाला चित्र पाठवणारी चिप लागते, दुसऱ्या टोकाला ते घेणारी. बहुतेक ऑल-इन-वनच्या पोर्टमागे पाठवणारीच चिप असते, कारण तो पोर्ट दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही जोडण्यासाठी दिलेला असतो. भाच्यानं दोन पंप समोरासमोर जोडले होते.

साध्या मॉनिटरमध्ये बाहेरचा सिग्नल घेऊन तो पॅनेलला, म्हणजे प्रत्यक्ष स्क्रीनला, समजेल असा करून देणारं एक कार्ड असतं. बहुतेक ऑल-इन-वनमध्ये ते नसतं. मदरबोर्डवरून एक पातळ केबल आतल्या आत थेट पॅनेलला जाते. काही मॉडेल्सना मात्र वेगळा 'एचडीएमआय-इन' पोर्ट असतो. म्हणून आधी पोर्टशेजारी काय छापलंय ते वाचावं.

ॲपलनं 2009 च्या अखेरीस आलेल्या 27 इंची आयमॅक या ऑल-इन-वनमध्ये दुसऱ्या कॉम्प्युटरचा मॉनिटर व्हायची सोय दिली होती: टार्गेट डिस्प्ले मोड. 2014 च्या अखेरीस 5के आयमॅक आला आणि ती गेली. आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. 5120 गुणिले 2880, म्हणजे जवळपास दीड कोटी ठिपके. प्रत्येकाचे 24 बिट, सेकंदाला 60 वेळा: सुमारे 21 अब्ज बिट. तेव्हाच्या डिस्प्लेपोर्ट 1.2 या चित्र नेणाऱ्या केबलमधून सेकंदाला 17.28 अब्जच जातात. फुल एचडीला तीन अब्ज पुरतात.

जुना कॉम्प्युटर अजून चालत असेल, तर विंडोज 10 किंवा 11 मधून लॅपटॉपची स्क्रीन वायफायवरून त्यावर घेता येते. दोन्हीकडे मिराकास्ट, म्हणजे वायफायवरून स्क्रीन पाठवायची पद्धत, चालायला हवं. चित्र दाबून पाठवायचं, तिकडे पुन्हा उलगडायचं, यात थोडा वेळ जातो. वाचन-लेखनाला ते चालतं, गेमला नाही.

मला स्वतःला पटलेला मार्ग वेगळा आहे. पॅनेलच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो. त्याला जुळणारा कंट्रोलर बोर्ड, म्हणजे साध्या मॉनिटरमध्ये असतं तसं कार्ड, घेऊन आतली केबल त्याला जोडायची. नंबर एका अक्षरानंही चुकला, तर बोर्ड जुळेलच असं नाही. पॉवर सप्लायला मात्र घरी हात लावू नये, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली असते. आम्ही नंबर उतरवून घेतला आणि उघडायचं काम दुरुस्तीवाल्याकडे दिलं.