सुरवंटाच्या पोटातला प्रश्न

२२ मे १८६० रोजी चार्ल्स डार्विनने हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला पत्र लिहिले. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि उत्क्रांतीचा खंदा समर्थकही. पत्रात इक्न्यूमन या परजीवी माशीचा दाखला आहे. गांधीलमाशीची ही नातलग सुरवंटाच्या अंगात अंडी घालते. अळ्या त्याला आतून खात वाढतात आणि तो बराच काळ जिवंतच असतो. दयाळू, सर्वशक्तिमान देवाने असा जीव मुद्दाम घडवला असेल हे मनाला पटत नाही, असे डार्विनने लिहिले. मातीच्या घरात अळी कोंडणाऱ्या माशीत आपल्या संतांना भृंगी-कीटकाचा दृष्टांत दिसला: ध्यासाने अळीच भृंगी होते. डार्विनला तिथे वेदना दिसली. नऊ वर्षांपूर्वी, एप्रिल १८५१ मध्ये, त्याची दहा वर्षांची लेक अ‍ॅनी गेली होती.

दयाळू देवाच्या सृष्टीत वेदना का, हा प्रश्न मात्र डार्विनहून जुना आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पशुपक्ष्यांना अन्न म्हणून हिरवा पाला दिला आहे. तिसऱ्यात पहिला माणूस आदाम याच्या पापामुळे भूमी शापित होते, काटेकुसळे उगवतात. म्हणजे वाघाचे सुळेही पापाचेच फळ, ही समजूत त्यातून रुजली. सगळ्यांनी ती मानली नव्हती. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने स्पष्ट म्हटले होते, की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदललेला नाही. हे आपण विसरतो आणि सगळे खापर डार्विनवर फोडतो.

त्या समजुतीला खरा तडा दिला जीवाश्मांनी. इंग्लंडच्या लाइम रीजिस किनाऱ्यावर जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगला इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपांच्या सांगाड्यांसोबत गोलसर दगड सापडत. फोडले की आत माशांचे खवले, हाडे. ही दगड झालेली विष्ठा आहे, असे ऑक्सफर्डचा भूशास्त्रज्ञ आणि चर्चचा धर्मगुरू विल्यम बकलंड याने १८२९ मध्ये मांडले. काही तुकड्यांत इक्थिओसॉरच्याच पिल्लांची हाडे होती. आदामाचा पत्ता नव्हता तेव्हाही जीव जिवाला खात होता! बकलंडने १८३६ मध्ये उत्तर दिले, की शिकाऱ्याच्या तोंडचे झटपट मरण ही म्हाताऱ्या, आजारी प्राण्यांवर दयाच आहे. मला ते अपुरे वाटते. तो हिशेब कळपाचा आहे, आणि सोसतो एकेकटा जीव.

डार्विनने पेच आणखी घट्ट केला. आता मरण हे घडणीचेच साधन ठरले; ज्या रेट्यातून हरणाचे चपळ पाय आले, त्याच रेट्यात असंख्य पाडसे मेली. चार्ल्स किंग्जली, ऑब्रे मूर अशा अँग्लिकन धर्मगुरूंनी उत्क्रांतीचे स्वागत केले. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये संशोधनाला वाट मोकळी ठेवली, तर १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धान्त निव्वळ गृहीतकापलीकडे गेल्याचे मान्य केले. दोघांचा रोख मात्र माणसाच्या आत्म्यावर होता. सुरवंट बाजूलाच राहिला.

त्याच्याकडे पुन्हा वळले अमेरिकन तत्त्वज्ञ होम्स रॉल्स्टन आणि ब्रिटिश धर्मशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर साउथगेट. रॉल्स्टनचे उदाहरण पांढऱ्या पेलिकनचे. मादी बहुधा दोन अंडी घालते. दुसरे पिल्लू नुसते राखीव. पहिले तगले की धाकटे बहुतेक वेळा टोचून घरट्याबाहेर ढकलले जाते आणि उपाशी मरते. वंश टिकतो, नवा जीव येतो, यातच रॉल्स्टनला तारण दिसते. जीवरसायनशास्त्राकडून धर्मशास्त्राकडे आलेल्या साउथगेटला तेवढे पुरत नाही. सबंध सृष्टी कण्हत आहे, हे बायबलमधल्या रोमकरांस पत्रातले प्रेषित पौलाचे शब्द धरून तो २००८ मध्ये म्हणतो: अशी समृद्ध जीवसृष्टी घडवायला उत्क्रांतीवाचून दुसरा मार्ग नसेलही, पण तेवढ्याने देव मोकळा होत नाही, प्रत्येक जिवाच्या वेदनेत तो सोबत असतो, आणि ज्यांचे जगणे फुललेच नाही त्यांनाही नव्या सृष्टीत जागा हवी. घरट्याबाहेर पडलेल्या त्या धाकट्या पिल्लालाही.