तीनचाकी घोड्यावरचा जाँ: मोनेच्या एका चित्राची पार्श्वभूमी

पॅरिसजवळच्या आर्जाँतय गावच्या बागेत 1872 साली फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने थोरल्या मुलाचं, जाँचं चित्र रंगवलं. मुलाला तेव्हा पाचवं वर्ष होतं. कॅनव्हास 60.6 × 74.3 सेंटिमीटर. फ्रान्समध्ये तयार मिळणाऱ्या कॅनव्हासांत ‘वीस नंबर, फिगर’ नावाचं 73 × 60 चं माप असायचं, हे जवळपास तेच. ते व्यक्तिचित्रासाठी, म्हणजे उभं धरायचं. मोनेने ते आडवं केलं, कारण मुलासोबत अख्खा घोडाही चौकटीत बसवायचा होता.

या घोड्याच्या नावाने मोठा गोंधळ करून ठेवला आहे. इंग्रजीत चित्राचं नाव ‘हॉबी हॉर्स’वरून रूढ झालं. त्या शब्दाचा पहिला अर्थ काठीला घोड्याचं डोकं लावलेलं खेळणं. मुलं काठी दोन पायांत धरून धावतात ते. पुढे 1817 मध्ये जर्मनीत पायडल नसलेली, जमिनीवर पाय रेटत चालवायची दुचाकी निघाली. ती लंडनला पोचल्यावर तिलाही लोक हॉबी हॉर्सच म्हणू लागले. चित्रातलं वाहन या दोन्हींपैकी काहीच नाही. फ्रेंचमधलं ‘शव्हाल मेकानिक’, म्हणजे यांत्रिक घोडा, हे नाव जास्त बरोबर. मराठीत ‘लाकडी घोडा’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डुलणारा घोडा येतो. तोही इथे नाही. ‘तीनचाकी घोडा’ लिहावं, दुसरं काही नको.

हा नुसता शब्दाचा कीस नाही. मागे दोन मोठी चाकं, पुढे एक लहान, त्यांवर घोड्याचं धड, अशी ही गाडी. या जातीच्या काही गाड्यांत घोड्याच्या मानेजवळ दोन्ही बाजूंना हाताने फिरवायच्या मुठी असत. त्यांची साखळी मागच्या आसाला फिरवी आणि पुढचं चाक पायांनी वळवावं लागे. सुतार सहज ठोकून देईल असं हे खेळणं नव्हतं. पायडलच्या सायकलींचं वेड पॅरिसमध्ये नुकतंच शिगेला पोचलं होतं. पॅरिस ते रुआं ही लांब पल्ल्याची शर्यत 1869 च्या नोव्हेंबरात झाली होती. त्याच हवेतलं हे महागडं, नव्या धर्तीचं खेळणं. काठीचा घोडा म्हटलं की ही सगळी हकीकत पुसली जाते आणि उरतं ते फक्त एक गोड मूल.

ते मोनेच्या घरात कुठून आलं? 8 ऑगस्ट 1867 ला जाँ पॅरिसमध्ये जन्मला, तेव्हा बाप समुद्रकाठी सँत-आद्रेसला नातेवाइकांकडे होता आणि हातात पैसा नव्हता. जाँची आई कामीय, तिच्याशी मोनेचं लग्न झालं 1870 च्या जूनमध्ये. मग फ्रान्स-प्रशिया युद्ध, लंडन, हॉलंड, आणि 1871 च्या डिसेंबरात आर्जाँतयला भाड्याचं घर. पुढच्या वर्षी पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने चित्रं घाऊक उचलली आणि मोनेची कमाई 12 हजार फ्रँकांवर गेली. तो घोडा या वर्षाचा आहे.

राजपुत्राला घोड्यावर बसवून चित्र काढायची चाल युरोपात फार जुनी. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने 1635 च्या सुमारास स्पेनच्या लहानग्या राजपुत्राला असंच उधळत्या घोड्यावर दाखवलं. मोनेच्या चित्रात घोडा चाकांवर उभा, मागे बागेची हिरवाई, आणि टोपी घातलेला मुलगा थेट आपल्याकडे बघतो. पोशाख फ्रॉकसारखा, म्हणून काहींना ती मुलगी वाटते. त्या काळी लहान मुलग्यांनाही असेच कपडे घालत.

काम करताना अडचण मुलाच्या चुळबुळीची. ओल्या रंगावर ओला रंग चढवत असताना मूल हललं, की चेहऱ्याची रेघ पुन्हा घ्यावी लागते, आणि फिकट त्वचेत शेजारचा हिरवा मिसळला की ती मळकट होते. उपाय दोनच: खालचा थर सुकू द्यायचा किंवा तेवढा भाग खरवडून नव्याने लावायचा. मूल खेळण्यावर बसलं की हातपाय जागेवर राहतात, ही मोठी सोय. याच मुलाला 1868 मध्ये मोनेने झोपेतच रंगवलं होतं. ते झोपेतलं चित्र आता कोपनहेगनमध्ये आहे.

मोनेने हे चित्र कधी प्रदर्शनात मांडलं नाही आणि विकलंही नाही. आर्जाँतयची घरगुती चित्रं त्याने इतर वेळी बाजारात आणली, ‘जेवण’ तर 1876 च्या दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) प्रदर्शनात लावलं. तिथे टेबलाशेजारी जमिनीवर खेळणारा मुलगा जाँच आहे. त्यामुळे हे एक मागे ठेवणं ठरवूनच झालं, असं मानायला जागा आहे. कामीय 1879 मध्ये गेली, जाँ 1914 मध्ये, मोने 1926 मध्ये. मिळकत धाकट्या मुलाकडे आली. पुढे चित्र अमेरिकेत पोचलं आणि 2000 साली एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला भेट दिलं. इंग्रजी नाव जगभर पसरलं ते मुख्यतः तिथूनच.

छापताना एक काळजी घ्यावी. उभ्या चौकटीत बसवायला चित्र कापलं की आधी मागची चाकं जातात, आणि चाकं गेली की चुकीचं नाव बरोबर वाटू लागतं.